तीन गुंठ्यांची बाग आणि साठ घरांची भाजी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. पाथर्डी फाट्याजवळ आपली साठ सदनिकांची सोसायटी आहे. शेजारी ले-आऊटमधली सुमारे तीन गुंठे मोकळी जागा पडून आहे, पलीकडे महापालिकेची शाळा आहे आणि मागच्या बाजूला अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कुटुंबांच्या खोल्या आहेत. द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याच्या जिल्ह्यात राहूनही दारावर येणारी पालेभाजी दोन दिवसांची शिळी असते, तेव्हा ही जागा किंवा सोसायटीची गच्ची वापरून आपल्याला, शाळेतल्या मुलांना आणि मागच्या वस्तीलाही ताजी, विषमुक्त भाजी मिळेल का, मुलांना बागकाम शिकवता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी गेली अनेक वर्षे नाशिकच्या आसपासचे भाजीपाला उत्पादक गट आणि शहरातल्या शाळा-सोसायट्यांच्या परसबागा अशा दोन्हींसोबत काम करत आले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. आपल्या प्रश्नात दोन निरनिराळी कामे गुंतलेली आहेत. एक म्हणजे लोकांच्या ताटात रोज ताजी भाजी पोहोचवणे आणि दुसरे म्हणजे ती भाजी कशी पिकते हे लोकांना, विशेषतः मुलांना, शिकवणे. बहुतेक ठिकाणी या दोन्ही कामांचा भार एकाच छोट्या बागेवर टाकला जातो. मग पहिल्या हंगामात घराघरांत चार-चार काड्या कोथिंबीर वाटली जाते, लोकांचा हिरमोड होतो आणि उन्हाळ्यापर्यंत वाफ्यांत गाजर गवत उभे राहते. माझे मत असे आहे की पहिले काम जवळच्या शेतकऱ्यांकडे सोपवावे, बागेने फक्त दुसरे काम करावे आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली असावीत.

मी असे का म्हणते, त्याचे गणित पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात. घरटी चार माणसे धरली तर साठ घरांना रोज ९६ किलो माल लागेल. आता तीन गुंठे म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटर. त्यातून पायवाटा, खताचे हौद, अवजारांची पेटी आणि मुलांना बसायला थोडी सावली वजा केली तर प्रत्यक्ष लागवडीला १५० चौरस मीटर उरतील. चांगल्या शेतात मेथीचे उत्पादन एका पिकाला चौरस मीटरमागे एक किलोच्या आसपास येते. वर्षात अशी चार-पाच पिके घेतली तरी सारे मिळून सहाशे-साडेसातशे किलो होतील. याचा अर्थ वर्षभर राबून आपण साठ घरांची एका आठवड्याची गरज भागवू. बागेची उत्तम निगा राखून, वेलवर्गीय भाज्या मांडवावर चढवून हे उत्पादन तिप्पट केले, तरी ते तीन आठवड्यांच्या पुढे जात नाही, आणि यात मागच्या वस्तीची कुटुंबे अजून धरलेलीच नाहीत. हे आपल्याला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. बागेकडून कशाची अपेक्षा करायची हे पहिल्या दिवशी ठरले की ती बाग टिकते, असा माझा अनुभव आहे.

पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. मी आपली जागा पाहिलेली नाही. तिथे दिवसातून सहा तास ऊन येते का, पाण्याची सोय कोणती, जमीन मूळची काळी आहे की बांधकामाचा राडारोडा पसरलेली, आणि मुख्य म्हणजे आठवड्यातले तीन-चार तास नियमित देणारी माणसे किती, यावर तपशील बदलतील. विचारसरणी मात्र फारशी बदलणार नाही.

आधी भाजीचे पाहू. नाशिकमध्ये भाजी पिकत नाही असे कोणीच म्हणणार नाही. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा आजूबाजूची कितीतरी खेडी शहरात आली आणि त्यांच्या शिवारातले काही मळे आजही पालिकेच्या हद्दीत उभे आहेत. आपल्यापासून तर पिंपळगाव खांब, दाढेगाव, गौळाणे, विल्होळी ही गावे हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही आपल्या घरी शिळी भाजी का येते, हे समजून घ्यायला एकदा संध्याकाळी पंचवटीत बाजार समितीच्या आवारात जाऊन पालेभाज्यांचे लिलाव पाहावेत. मेथी, शेपू, कांदापात, कोथिंबीर यांच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात, भाव शेकड्यावर पुकारला जातो आणि चांगला माल त्याच रात्री गाडीत भरून मुंबईकडे निघतो. तिथून उरलेला किंवा किरकोळ विक्रेत्याने घेतलेला माल दुसऱ्या दिवशी आपल्या कॉलनीतल्या हातगाडीवर येतो आणि विकला गेला नाही तर पाणी मारून तिसऱ्या दिवशीही तिथेच असतो. म्हणजे आपल्या शेजारच्या शिवारात उपटलेली मेथी मुंबईच्या ग्राहकाला जेव्हा मिळते, तेव्हा किंवा त्याच्याही नंतर ती आपल्याला मिळते. या सगळ्यात कोणाची लबाडी आहे असे नाही. शेतकऱ्याला एका ठिकाणी सगळा माल खपवायचा असतो आणि तशी सोय त्याला फक्त तिथे मिळते.

म्हणून शेतकऱ्याने आपल्याकडे वळावे असे वाटत असेल, तर त्याची फेरी परवडेल एवढी खरेदी आपण उभी केली पाहिजे. कायद्याची अडचण इथे नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, त्यामुळे शेतकरी थेट ग्राहकाला माल विकू शकतो. राज्याच्या पणन मंडळाचे संत सावता माळी यांच्या नावाचे शेतकरी आठवडे बाजार अभियानही याच विचारातून चालते. अडचण असते ती हिशेबाची. आपल्या साठ घरांपैकी निम्म्या घरांनी आठवड्याला चार-चार किलो भाजी घेतली, तर १२० किलो होते. ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेम्पोत सुमारे पाऊण टन माल बसतो. म्हणजे एकट्या आपल्या सोसायटीसाठी गाडी निघाली तर ती जवळजवळ रिकामी येईल, आणि डिझेल व दोन माणसांची संध्याकाळ धरता शेतकरी चौथ्या आठवड्याला येणे बंद करेल. थेट विक्रीचे कितीतरी उपक्रम असेच बंद पडलेले मी पाहिले आहेत आणि दर वेळी दोष शेतकऱ्याच्या माथी मारला गेला. यावर उपाय म्हणजे एकाच रस्त्यावरच्या चार-पाच सोसायट्यांनी एक वार ठरवावा आणि गाडीने ओळीने थांबे घेत शेवटचा थांबा वस्तीजवळ घ्यावा.

वार कोणताही चालेल, पण वेळ संध्याकाळचीच ठेवावी, असा माझा आग्रह आहे. एक तर लिलावासाठी शेतकरी पालेभाजी दुपारीच काढतो, त्यामुळे त्याला दिनक्रम बदलावा लागत नाही आणि ओल्या गोणपाटाखाली आलेली मेथी तीन-चार तासांत आपल्या स्वयंपाकघरात पोहोचते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सकाळी दहाचा बाजार निवृत्त मंडळींना सोयीचा असतो, कारखान्यात पाळीत काम करणाऱ्या माणसाला किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईला तो कधीच सापडत नाही. मागच्या वस्तीलाही भाजी मिळावी असे आपण लिहिले आहे, तेव्हा आणखी दोन पथ्ये पाळावीत. आगाऊ पैसे भरून महिनाभराची टोपली घेण्याची पद्धत सोसायटीपुरती ठेवावी, वस्तीजवळच्या थांब्यावर माल सुटा आणि वाट्यावर मिळावा. दहा-वीस रुपयांचा वाटा घेणाऱ्या घराला किमान खरेदीची अट घातली की ते घर या व्यवस्थेतून बाहेर पडते, आणि त्या घरालाच ताज्या भाजीची सर्वांत जास्त गरज असते.

भावाबद्दल स्पष्ट बोलणे लोक टाळतात, ते टाळू नये. बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव आणि आपल्या परिसरातला किरकोळ भाव यांच्या साधारण मधला दर दोघांनाही परवडतो. शेतकऱ्याला लिलावापेक्षा जास्त मिळते आणि ग्राहकाला हातगाडीपेक्षा कमी पडते. हा दर पंधरा दिवसांसाठी बांधून घ्यावा. टोमॅटोचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यावर क्रेट रस्त्यावर ओतायची वेळ आली, तरी सोसायटीने ठरलेला दर द्यावा. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, तशी वेळ पुन्हा आली तर शेतकऱ्याने ठरलेल्या दरात माल आणावा. दोन्ही बाजूंना हे आधी लेखी मान्य असले तर संबंध टिकतात. तोंडी ठरवले तर पहिल्या मोठ्या चढउताराला कोणीतरी माघार घेते.

एका शेतकऱ्याशी व्यवहार ठेवू नका, सहा-आठ जणांचा गट पाहा. एका शेतकऱ्याकडे एका वेळी दोन-तीनच पिके असतात आणि ग्राहकाला आठ-दहा प्रकार हवे असतात. गटाने आपसांत लागवड वाटून घेतली की एकाकडे मेथी-पालक, दुसऱ्याकडे वांगी-मिरची, तिसऱ्याकडे दोडका-कारली असा माल एकाच गाडीत येतो. लोकांना बटाटा आणि आलेही हवे असते. बटाटा बहुतेक वेळा इंदूर किंवा आग्र्याकडचा असतो. तो ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यासमोर बाहेरचा माल अशी पाटी असावी. पाटी नसेल तर हळूहळू निम्मी गाडी बाजार समितीतून उचललेल्या मालाने भरते आणि मूळ हेतूच संपतो. गट खरा आहे का, हे पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे व्यवहार ठरण्यापूर्वी सोसायटीतल्या चार जणांनी त्यांच्या शेतावर जाऊन उभे पीक पाहणे आणि नंतरही अधूनमधून जात राहणे.

आपल्या कॉलनीत आज हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईंचाही विचार करा. त्या रोज येतात, उधारी देतात आणि आजारी माणसाला वरच्या मजल्यावर भाजी नेऊन देतात. आठवड्यातून एकदा येणारी गाडी ही सेवा देऊ शकत नाही. गाडीतला उरलेला माल त्यांनीच गटाकडून घाऊक दरात घ्यावा, अशी व्यवस्था आपण करू शकता. त्यामुळे त्यांच्या गाडीवरही ताजा माल येतो आणि शेतकऱ्याला काही परत न्यावे लागत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने अशा विक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलेले आहे. सोसायटीच्या सोयीसाठी त्यांना हटवण्याची भाषा कोणी केली तर ती मोडून काढावी.

विषमुक्त भाजीबद्दल आपण विशेष विचारले आहे. या शब्दाखाली बरेच काही विकले जाते, म्हणून मी त्याकडे पिकागणिक पाहते. वांग्यावर शेंडा व फळ पोखरणारी अळी येते, कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी येते आणि ही पिके फवारणीशिवाय काढणे बहुतेक शेतकऱ्यांना अवघड जाते. मेथी, शेपू, अंबाडी, चुका ही कमी दिवसांची पिके तुलनेने कमी फवारणीत निघतात. म्हणून सुरुवातीला गटाकडून सगळेच सेंद्रिय असल्याचे आश्वासन मागू नका. फवारणीची वही मागा. कोणत्या तारखेला, कोणत्या पिकावर, काय फवारले आणि काढणी कधी झाली एवढ्या चार गोष्टी तिच्यात असाव्यात. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठराविक दिवस सोडावे लागतात. निर्यातीची द्राक्षे पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही शिस्त चांगली ठाऊक आहे, पण भाजीच्या बाबतीत ती त्याच्याकडे आजवर कोणी मागितलेली नसते. वर्षभर ही वही नीट चालली, तर गटाला पीजीएस-इंडिया या सेंद्रिय मालाच्या सहभागी हमी पद्धतीकडे जाता येते. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. ग्राहकही त्या तपासणीला हजर राहू शकतात, आणि आपण तसे राहावे असे मी सुचवीन.

थोडक्यात, आतापर्यंत आपण भाजीचा पुरवठा गटाकडे, वेळ संध्याकाळी, दर बांधलेला आणि शेवटचा थांबा वस्तीजवळ असे ठरवले. आता बाग आणि शिक्षण याकडे वळू. मला स्वतःला या भागात सर्वांत जास्त रस आहे.

शाळेच्या बागा का फसतात याचे एक कारण दिनदर्शिकेत दडलेले आहे. शाळा जूनमध्ये उघडते, उत्साह तेव्हाच असतो आणि लागवडही तेव्हाच होते. पण आपल्याकडच्या पावसात काळ्या जमिनीच्या सपाट वाफ्यात पालेभाजी सडते, तण माणसाच्या हाताबाहेर जाते आणि जरा कुठे पीक हाताशी येते तोवर दिवाळीची सुट्टी लागते. सुट्टीत पाणी देणारे कोणी नसते. म्हणून मी शाळांना नेहमी सांगते की पावसाळा तयारीसाठी वापरा, मांडवावर दोडका-कारल्याचे दोन-तीन वेल तेवढे चढवा आणि पालेभाज्यांची खरी पेरणी दिवाळीची सुट्टी संपल्यावर करा. नाशिकची थंडी पालेभाज्यांना मानवते. मेथी तीस दिवसांत, पालक पस्तीस-चाळीस दिवसांत, मुळा आणि कोथिंबीर दीड महिन्यात निघते, म्हणजे दुसऱ्या सत्रात परीक्षेच्या आधी मुलांच्या हातून दोन पिके पूर्ण होतात.

या हंगामाला एक नैसर्गिक मुक्कामही आहे, तो म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगी. भोगीच्या भाजीत गाजर, वांगी, हरभऱ्याचे ओले घाटे, घेवडा, तीळ असे जे जे त्या दिवसांत शेतात असते ते सगळे येते. मुलांपुढे हे उद्दिष्ट ठेवले की कोणते पीक कधी लावायचे याचा हिशेब ती स्वतःच उलटा मांडू लागतात. गाजराला ऐंशी-नव्वद दिवस लागतात, मग ते दिवाळीच्या आधीच पेरायला हवे. वांग्याची रोपे दिवाळीच्या सुमारास लावली तर पहिली फळे भोगीपर्यंत हाती येतील. घेवडा मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पेरायला हवा होता, तेव्हा यंदा तो गटातल्या शेतकऱ्याकडून आणावा लागेल. ऋतुमान, दिवसांची वजाबाकी आणि शेतकऱ्याचे नियोजन हे तिन्ही विषय इथे एकत्र शिकून होतात.

एक तास कसा चालवावा हे थोडे जवळून सांगते. सुरुवातीला कोथिंबीर घेऊ नये, कारण धणे रगडून, भिजवून पेरले तरी थंडीत उगवायला दहा-पंधरा दिवस घेतात आणि मुलांचा धीर सुटतो. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. मीटर-मीटरचे चार वाफे करावेत. दोन वाफ्यांत कुजलेले खत मिसळावे, दोनांत मिसळू नये. खताच्या एका आणि बिनखताच्या एका वाफ्यात बी विरळ ओळींत पेरावे आणि उरलेल्या दोनांत मुलांना मूठभरून फेकू द्यावे, कारण ती तसेच करणार असतात. सोबत एका काचेच्या बरणीत आतून ओला टीपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये चार दाणे ठेवावेत, म्हणजे मूळ खाली आणि कोंब वर कसा जातो ते दिसते आणि वाफ्यातले बी उकरून पाहण्याचा मोह कमी होतो. पंधरा दिवसांनी दाट पेरलेल्या वाफ्यात काही रोपे बुंध्याशी कुजून आडवी पडलेली दिसतील. तिथे शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. शेजारचा विरळ वाफा उभा असतो, मुले बसून बघतात, बोटाने ओल चाचपतात आणि हवा खेळत नसल्याचे कारण त्यांच्यातलेच कोणीतरी काढते. तिसाव्या दिवशी चारही वाफ्यांतली मेथी उपटून, मुळे धुऊन, वजन करून वहीत लिहावी आणि जुड्या बांधून त्या संध्याकाळच्या बाजारात गटातल्या शेतकऱ्यापुढे ठेवाव्यात. त्याने जुडी हातात घेऊन दर सांगावा आणि पान पिवळे का पडले किंवा जुडी सैल का बांधली हे त्यानेच मुलांना समजावावे. असा एक संवाद झाला की त्या मुलांच्या घरात शेतकऱ्याशी घासाघीस करण्याची रीतही बदललेली मी पाहिली आहे. बाजार आणि बाग एकमेकांना जोडा असे मी वर म्हटले, त्याचा अर्थ हा.

श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांना स्वतः प्रयोग करून, मोजून, एकमेकांना सांगत शिकण्याची जी सवय लावली, तीच पद्धत शाळेच्या चार वाफ्यांनाही लागू पडते. त्यासाठी मोठ्या तज्ज्ञाची गरज नसते. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, माती परीक्षण आणि शंकांसाठी तिथे जावे. शाळांच्या पोषण आहार योजनेतही परसबागेला स्थान आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना हा विषय नवा वाटणार नाही. शिकवणारी आणखी काही माणसे आपल्याला बाजारातच सापडतील. पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आदिवासी बाया करटुली, कुरडू, शेवळे अशा रानभाज्या घेऊन शहरात बसतात. शेवळे घशाला खाजतात म्हणून ती काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून शिजवावी लागतात, कोणते पान कोवळे असताना खुडायचे आणि कंद जमिनीत का ठेवायचा, हे त्यांच्याइतके नेमके मला सांगता येत नाही. अशा एखाद्या बाईंना रीतसर मानधन देऊन शाळेत बोलवा. फुकट बोलावू नका, त्यांचा तो दिवसाचा धंदा बुडतो.

जमिनीबद्दल थोडेसे. मोकळ्या जागेत राडारोडा असेल तर खोदत बसण्यापेक्षा वीतभर उंचीचे वाफे विटांच्या कडा लावून भरावेत. फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओतावे, दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल तर निचरा नाही असे समजावे आणि वाफे आणखी उंच घ्यावेत. खत सोसायटीतल्या वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे करावे. एक घमेले ओला कचरा टाकला की त्यावर तेवढाच वाळलेला पाला टाकावा, वास आला तर पाला वाढवावा, एवढे पाळले की दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. मिश्र कचऱ्यापासून झालेले खत पालेभाज्यांना वापरू नये.

गच्चीचा विचार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १५ सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर एका चौरस मीटरला सुमारे २७० किलो भरतो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास वापरभार धरून आखलेला असतो. म्हणजे गच्चीवर सरसकट वाफे करणे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय अजिबात करू नये आणि जुन्या इमारतीत तर त्याचा विचारही करू नये. ज्यांना हौस आहे त्यांनी कोकोपीट आणि खत मिसळलेल्या हलक्या मातीच्या पिशव्या कठड्याच्या कडेने, तुळईवर भार येईल अशा ठेवाव्यात आणि त्यात कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, मिरची, अळू अशी रोज थोडी थोडी लागणारी झाडे लावावीत. या गोष्टी विकत घ्याव्या लागल्या नाहीत तर घराला खरोखर उपयोग होतो.

पाणी आणि माणूस या दोन गोष्टींवर बाग जगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चौरस मीटरला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी लागते, म्हणजे १५० चौरस मीटरला रोज हजार लिटरच्या आसपास. एवढे पाणी सोसायटीच्या टाकीतून काढणे भर उन्हाळ्यात कोणालाच पटणार नाही, आणि न पटणेच योग्य आहे. म्हणून मार्चअखेर दोन तृतीयांश वाफे मोकळे करून त्यांवर पाल्याचे जाड आच्छादन टाकावे आणि उरलेल्या वाफ्यांत ठिबकवर चवळी, तांबडा माठ आणि कायमची झाडे तेवढी ठेवावीत. घरोघरच्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी वापरायचे असेल तर ते साध्या पाण्यात मिसळूनच वापरावे, नुसते दिल्यास मातीत क्षार साठतात. माणसाच्या बाबतीत केवळ स्वयंसेवकांवर विसंबू नये. दिवसाला दोन तास येणारा माळी नेमून त्याचा पगार सोसायटीच्या देखभाल खर्चात धरावा, कारण उत्साही मंडळी बदलतात, गावाला जातात आणि मे महिन्यात नळ सोडायला कोणी तरी हजर असावेच लागते.

सध्या श्रावण चालू आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत आपल्याला पुरेसा वेळ आहे. त्यातले पहिले काम कागदाचे आहे. मंजूर ले-आऊटमधली मोकळी जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे की अजून भूखंडधारकांच्या नावावर आहे, हे नगररचना विभागात विचारून घ्यावे. ती महापालिकेची असेल तर उद्यान विभाग आणि आपले विभागीय कार्यालय या दोन्हींकडे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीसह अर्ज करावा. पक्के बांधकाम करणार नाही, जागा सर्वांना खुली राहील आणि परवानगी ठराविक मुदतीची असेल, ही तीन वाक्ये अर्जात स्वतःहून लिहावीत. उन्हाच्या आड येणाऱ्या फांद्या छाटायच्या असतील तर त्याची परवानगीही याच अर्जासोबत मागावी. परवानगी हातात येईपर्यंत संध्याकाळचा बाजार सुरू करायला काहीच हरकत नाही. त्यासाठी जमीन लागत नाही, फक्त फाट्यावरच्या आणखी तीन-चार सोसायट्यांच्या सचिवांना भेटावे लागेल आणि एका रविवारी त्यांना सोबत घेऊन पिंपळगाव खांब किंवा गौळाण्याच्या शिवारात जावे लागेल.